नेहमीचं टाक

आईनं आडवं झोपणं सोडून दिलं होतं, हे आम्हाला कित्येक महिने कळलंच नाही. भिंतीला पाठ लावायची, पाय लांब करायची, मांडीवर गोधडी ओढून घ्यायची आणि तशीच डोळे मिटायची. विचारलं तर म्हणायची, "कांदा निवडून कंबर धरलीय, टेकलं की बरं वाटतं." ती मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर निवडणीचं काम करायची. सडका कांदा एका बाजूला, जोडकांदा एका बाजूला, बारकी गोल्टी वेगळी. कंबर धरणं आम्हाला पटण्यासारखंच होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि त्या वयात आईच्या कंबरेचा विचार कुणी फार वेळ करत नाही.

आमचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. पहाटे ट्रक मागे घेताना क्लीनर ट्रकच्या अंगावर थापा मारायचे, त्या आवाजानं आमचा दिवस उघडायचा. मग हमालांच्या आरोळ्या, मग वस्तीतल्या नळावरची भांडणं. घरात कायम कांद्याच्या सालीचा वास. आईच्या पदराला, केसांना, कधी कधी भाकरीच्या टोपल्यातही एखादी लालसर साल चिकटलेली असायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात शिपाई होते. त्यांचा खाकी शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. साहेबांच्या टेबलावरचं कालचं वर्तमानपत्र ते घरी आणायचे आणि बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचे. नवी कंपनी आली, नवं धोरण आलं, अमुक वस्तूवरची बंदी उठली. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि शेवटी विचारायची, "कांद्याचं काय लिहिलंय?" रविवारी सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून आम्ही वंदना म्हणायचो, आणि त्यानंतर तव्यावर सुकट परतली जायची. लसूण, लाल तिखट आणि खारी सुकट. त्या वासानं शेजारची दोन पोरं हमखास दारात येऊन उभी राहायची. आज माझ्या स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारं यंत्र आहे. त्यात सुकट परतली तर वास येतच नाही, आणि वासाशिवाय ती मला सुकट वाटत नाही.

त्या वर्षांत सगळ्या पुण्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर क्लासच्या पाट्या. मी बारावी झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि अण्णांच्या हट्टानं तीन महिन्यांचा कोर्सही केला. त्या जोरावर टिळक रोडच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हृदयाच्या दवाखान्यात मला नोकरी लागली. डॉक्टरांनी नुकतंच परदेशातून इकोचं यंत्र आणलं होतं, छातीवर लेखणीसारखं एक टोक फिरवलं की पडद्यावर आतलं धडधडतं हृदय दाखवणारं, तेही रंगीत. त्याचे रिपोर्ट हातानं लिहायला त्यांना वेळ नव्हता. म्हणून एक कॉम्प्युटर आणि एक मी. दवाखान्याला लिफ्ट नव्हती. जिन्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती, "जिना हळू चढा. घाई असेल तर उद्या या." हृदयाचे पेशंट ती वाचून हसायचे आणि पहिल्याच वळणावर हसणं बंद करून कठड्याला धरायचे.

डॉक्टरांना आम्ही सगळे सर म्हणायचो. पन्नाशीचे, सडसडीत, बोलणं कातरीनं कापल्यासारखं. पेशंटनं विचारलं, "मला काय झालंय?" तर म्हणायचे, "ते मी सांगितलं तरी तुम्हाला काय कळणार?" पण हात हुशार. तपासणीच्या खोलीत त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून ते सांगतील ते आकडे मी वहीत उतरवायचे आणि मग बाहेर येऊन रिपोर्ट बनवायचे. कॉम्प्युटरमध्ये पाच-सहा तयार मजकूर साठवलेले होते. एक ठणठणीत हृदयाचा, एक ॲटॅक येऊन गेलेल्याचा, आणि सगळ्यांत जास्त लागणारा म्हणजे माइट्रल झडपेचा. लहानपणी सांधे धरून ताप येतो आणि त्यात हृदयाची झडप खराब होते, असे पेशंट तेव्हा रोज यायचे. त्या झडपेच्या दोन पाकळ्या जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात, आणि पडद्यावर पाकळी वाकलेल्या गुडघ्यासारखी दिसते. तसा पेशंट आला की सर यंत्रावरून मान न वळवता मला म्हणायचे, "नेहमीचं टाक." मी नेहमीचं उघडायचे, नाव आणि आकडे बदलायचे, प्रिंटर टर्र टर्र करत कागद बाहेर ढकलायचा. सुरुवातीला त्या शब्दांचे अर्थही मला माहीत नव्हते. शैलाताई म्हणून एक जुन्या बाई तिथं कार्डिओग्राम काढायच्या. त्यांनी मला रिकाम्या वेळात एकेक शब्द समजावला, नाडी कशी धरायची ते दाखवलं. सरांना विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "प्रश्न पेशंटनं विचारायचे नसतात. टायपिस्टनं तर नाहीच नाही."

पण स्वतः मात्र ते प्रत्येक पेशंटला एक प्रश्न न चुकता विचारायचे. "उशा किती लागतात?" एक लागत असेल तर ठीक. दोन-तीन लागत असतील, आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर फुप्फुसात पाणी साठतंय. वर्षभरात हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल. आणि एके सकाळी डबा भरताना माझी नजर भिंतीकडे गेली. आईच्या पाठीच्या जागी रंग घासून गुळगुळीत, तेलकट झाला होता. तिला उशा लागतच नव्हत्या. तिला आख्खी भिंत लागत होती.

मी तिथंच तिचा हात ओढून मनगट धरलं. शैलाताईंनी शिकवलं होतं, आधी तालाकडे लक्ष द्यायचं, मग मोजायचं. तिथं तालच नव्हता. दोन ठोके भराभर, मग एक चुकार, मग तीन घाईघाईनं, मग काहीच नाही. आईनं हात सोडवून घेतला. म्हणाली, वस्तीतल्या डॉक्टरकडे ती दोन वर्षं जातेय, त्यानं दमा सांगितलाय, फवारा दिलाय, आणि तो तिनं पिठाच्या डब्यामागे ठेवलाय. आम्हाला का सांगितलं नाहीस, असं अण्णांनी विचारलं, तर म्हणाली, दमेकरी बाईला गाळ्यावर कोण ठेवतं?

दुसऱ्याच दिवशी अण्णांना सोबत घेऊन मी तिला दवाखान्यात नेलं. दोन मजले चढायला तिला जितका वेळ लागला, तितक्या वेळात तिच्या मागून आलेले तिघं वर जाऊन, चिठ्ठी घेऊन खाली आले. सरांनी काही खळखळ केली नाही. "आई ना तुझी? मग इतक्या उशिरा का आणलीस?" एवढंच बोलले आणि तपासणीच्या खोलीत घेतलं. मी नेहमीसारखी स्टुलावर बसले. पडद्यावर माझ्या आईचं हृदय आलं. मी आकडे लिहीत राहिले. वरचा डावा कप्पा खूप मोठा होता, इतका की सरांनी दोनदा मोजला. मग त्यांनी रंग चालू केला आणि झडपेच्या मधोमध, प्रत्येक ठोक्याला, निळ्या-पिवळ्या ठिणग्यांचा एक झोत उलटा वर उसळताना दिसला. गळती, आणि चांगलीच मोठी. सरांनी आईला विचारलं, लहानपणी सांधे धरले होते का? आई म्हणाली, "कवाच न्हाय." ते म्हणाले, "आठवत नसेल." यंत्राचं टोक पुसता पुसता त्यांनी अण्णांना सांगितलं की झडप खराब आहे, बदलावी लागेल, छाती उघडून कृत्रिम बसवतात, ऑपरेशनच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. अण्णांनी हात जोडले. आणि मग सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नेहमीचं टाक."

मी बाहेर आले. नेहमीचं उघडलं. आईचं नाव टाकलं, वय टाकलं, आकडे बदलले. मग ती ओळ आली. दोन्ही पाकळ्या जाड, कडा चिकटलेल्या. ती ओळ मी वर्षभरात इतक्यांदा छापली होती की वाचायची गरज नव्हती. त्या दिवशी वाचली. आणि मला पडद्यावर दिसलेलं आठवलं. आईच्या पाकळ्या जाड नव्हत्या. ठणठणीत माणसांच्या असतात तशा पातळ होत्या, मोकळ्या हलत होत्या, वाकलेला गुडघा कुठंच नव्हता. फक्त मिटताना त्या एकमेकींपर्यंत पोहोचत नव्हत्या. मधे फट राहत होती. मी आठवून आठवून पाहिलं. चुकत असेन, असं स्वतःला बजावलं. बारावी कॉमर्स, टायपिंग चाळीसची स्पीड, आणि समोर वीस वर्षं हृदय बघणारा माणूस. पण आई माझी होती, आणि छाती तिची उघडणार होते.

मी आत गेले. टेबलावर पुढचा पेशंट उघड्या छातीनं आडवा होता. मी म्हटलं, "सर, आईच्या रिपोर्टात पाकळ्या जाड लिहू का?"

"नेहमीचं टाक म्हटलं ना?"

"नेहमीच्यात जाड लिहिलंय. मला त्या पातळ दिसल्या."

सरांनी मान वळवली. त्या नोकरीत ते माझ्याकडे पूर्ण तोंड करून बघत होते, असं पहिल्यांदाच घडत होतं. म्हणाले, "तुला दिसल्या?"

"हो."

"कुणी शिकवलं तुला बघायला?"

"तुम्हीच. रोज शेजारी बसवता."

त्यांनी शैलाताईंना हाक मारली. मला वाटलं, माझा हिशेब करून घरी पाठवायला सांगतायत. पण त्यांनी टेबलावरच्या पेशंटला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि आईला पुन्हा आत बोलावलं. आई पदर नीट करत, धापा टाकत आली. या वेळी त्यांनी रंग बंद ठेवला. नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रात ते बराच वेळ झडप बघत राहिले, जवळून, बाजूनं, वरून. अण्णा दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता, साहेबांपुढं पोरीनं उलट बोलावं, हे त्यांना त्या आजारापेक्षा जड जात होतं.

शेवटी सर म्हणाले, "पाकळ्या चांगल्या आहेत." आणि मग, कधी नव्हे ते, त्यांनी औषधाच्या जाहिरातीचा एक कागद पालथा घातला आणि आईला चित्र काढून दाखवायला लागले. ते मी आजही तसंच्या तसं सांगू शकते, कारण पुढे दवाखान्यात येणाऱ्या हजारो माणसांना मी ते सांगितलं. फुप्फुसातून शुद्ध रक्त वरच्या डाव्या कप्प्यात येतं, तिथून माइट्रल झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं, आणि खालचा कप्पा ते सगळ्या अंगभर फेकतो. आईचं ब्लडप्रेशर कित्येक वर्षं चढलेलं होतं, कुणी बघितलं नव्हतं. त्या दाबानं वरचा कप्पा ताणला. मग हृदयाचा ताल बिघडला, कप्पा आवळायचा सोडून नुसता थरथरायला लागला, रक्त साचत गेलं आणि कप्पा आणखी फुगला. झडपेच्या पाकळ्या ज्या कड्याला धरून असतात ते कडं त्या कप्प्याच्याच तळाशी असतं. कप्पा रुंदावला तसं कडं रुंदावलं. पाकळ्या मात्र होत्या तेवढ्याच. आईच्या चेहऱ्यावरून तिला हे कळत नाहीये, असं पाहून सरांनी तिच्यासमोर दोन्ही तळवे जोडून धरले आणि मग सावकाश कोपरं बाहेर ओढली. तळवे सुटले. "हात चांगलेच आहेत," ते म्हणाले, "पण आता जुळत नाहीत. त्या फटीतून प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वर जातं. त्यानं वरचा कप्पा अजून मोठा होतो, म्हणजे फट अजून मोठी."

आई म्हणाली, "मंजी माझी झडप नासकी न्हाय."

"नाही."

"मग ती कशापायी काढायची?"

सरांनी पेन ठेवलं. म्हणाले, आधी ताल परत आणायचा प्रयत्न करू, प्रेशर उतरवू, पाणी काढू. नाही जमलं तर ऑपरेशन आहेच. पुस्तकात यावर फार लिहिलेलं नाही, पण करून बघू.

घरी जाताना स्वारगेटच्या बसस्टॉपवर अण्णा म्हणाले, "विशाखा, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "वासा डोस्क्यात पडायला लागल्यावर तरी मोजायचा का न्हाय?" आणि दम लागला म्हणून ती फुटपाथच्या कडेवर बसली.

पुढचे दोन महिने आमच्या घरात गोळ्यांचं राज्य होतं. लघवीच्या गोळ्या, प्रेशरच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि त्यासाठी दर आठवड्याला तपासायला बोटाएवढी बाटली भरून रक्त. मीठ बंद, म्हणजे सुकट बंद. हे आईनं अजिबात मानलं नाही. पहिल्या रविवारी तिनं सुकट परतली, मी तवा उचलून मोरीत ओतला, आणि आम्ही दोघी दिवसभर बोललो नाही. दुसऱ्या रविवारी तिनं शोधून काढलं की सुकट तीनदा धुतली की खारटपणा जातो. जात नाही, थोडासाच जातो. पण मी गप्प बसले. सगळ्याच लढाया जिंकायच्या नसतात, हे मला तेव्हा कळलं असं नाही, पण दमले होते. पाणी उतरलं तशी आई आधी दोन उशांवर आली, मग एका. मग तिला एका हॉस्पिटलात नेऊन, थोडा वेळ झोपवून, छातीवर विजेचा झटका दिला. एकाच झटक्यात ताल सरळ झाला. शुद्धीवर आल्यावर मी तिचं मनगट धरलं. ठोक्यामागे ठोका, सारख्या अंतरानं. मी किती तरी वेळ हात सोडलाच नाही. आई पुटपुटली, "काय मोजतीयास, त्या डाक्टरचं हात जुळलं का न्हाय?"

सहा महिन्यांनी सरांनी पुन्हा इको केला. वरचा कप्पा बराच आवरला होता. कडं आकसलं होतं, पाकळ्या जुळत होत्या. निळ्या-पिवळ्या झोताच्या जागी एक बारीक धार उरली होती, तीही मधूनमधून. रिपोर्टच्या वेळी सर नेहमीचं टाक म्हणाले नाहीत. एकेक वाक्य सांगत गेले आणि मी एकेक टाइप करत गेले. आई लगेच गाळ्यावर परत गेली. सरांनी, अण्णांनी, वस्तीतल्या बायकांनी, सगळ्यांनी नको म्हटलं. ती म्हणाली, गोणी उचलणार नाही, निवडणी बसून करायची असते, आणि घरात बसून मरायचं तर औषधं कशाला खायची? त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. मधे दोनदा ताल बिघडला, दोनदा सुधारला. झडप तिची स्वतःचीच राहिली, शेवटपर्यंत.

हे सगळं इथंच संपलं असतं, आणि मी ते सांगताना जरा छाती पुढे काढूनच सांगितलं असतं. पण एके दिवशी सकाळी भाकरी थापताना आईनं मला विचारलं, "ते नेहमीचं तू किती जणांना टाकलंस गं?"

मी म्हटलं, मोजलं नाही.

"त्यातली माझ्यावानी किती आसतील?"

ती मला बोल लावत नव्हती. सडका कांदा बाजूला काढायची सवय तिच्या हाताला होती, तसाच तिनं तो प्रश्न काढून पुढे ठेवला. पण मला त्यातून सुटता आलं नाही. दवाखान्यात फ्लॉप्यांचा एक डबा होता, त्यात सगळे जुने रिपोर्ट. दुपारी सर जेवायला घरी जायचे तेव्हा मी एकेक फ्लॉपी घालून बघायला लागले. वय जास्त, ताल बिघडलेला, वरचा कप्पा फार मोठा, आणि झडपेचं तोंड मात्र मोकळं, अरुंद झालेलं नाही. पाकळ्या खरंच चिकटलेल्या असतील तर तोंड अरुंद व्हायलाच हवं. आकडे खरे होते, मीच वहीतून उतरवलेले. त्यांच्याभोवतीचा मजकूर नेहमीचा होता. असे नऊ रिपोर्ट निघाले. शैलाताईंना दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "मला पेन्शन नाही, पण पाच वर्षांनी नीट निवृत्त होऊन घरी जायचंय. मी हे पाहिलं नाही. तू मात्र सरांना दाखव."

मी यादी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि घडी घातली. "तू माझे जुने रिपोर्ट तपासतेस?" असं त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, आणि हळू आवाज त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता. मी म्हटलं, तुमचे नाही, माझे. टाइप मी केलेत. ते म्हणाले, तुला नोकरी करायची आहे की नाही? मी म्हटलं, करायची आहे. म्हणूनच विचारते, या नऊ जणांना परत बोलवायचं का? त्यांनी मला जा म्हणून सांगितलं. जा म्हणजे खोलीबाहेर की कायमची, ते सांगितलं नाही. मी बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसले. काढून टाकायचं असेल तर त्यांनी उठून बाहेर येऊन सांगावं, असं मी ठरवलं होतं. घरी अण्णांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले, मग म्हणाले, उद्या वेळेवर जा. हाकलायला त्यांना कारण मिळू देऊ नकोस.

तीन दिवस सर माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. आकडे शैलाताईंना सांगायचे, त्या मला सांगायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी एक कागद माझ्यासमोर टाकला. हातानं लिहिलेला, चार ओळींचा. आपली तपासणी पुन्हा करणं गरजेचं आहे, कोणतंही शुल्क नाही, सोयीनं यावं. आणि म्हणाले, "नऊ प्रती. प्रत्येकात नाव वेगळं टाइप कर. नुसतं नाव बदलायचं नाही, नीट बघून."

पाच जण आले. त्यांतल्या तिघांच्या पाकळ्या आईसारख्याच पातळ निघाल्या. एक आजी दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन घेत होत्या, कधीच न झालेल्या सांधेतापासाठी. ते बंद झाल्यावर त्यांनी सरांना आशीर्वाद दिला आणि सर खिडकीकडे बघत राहिले. दोघांच्या झडपा खरोखरच खराब होत्या, माझाच अंदाज चुकला होता. एकाचं पत्र परत आलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. आणि पावसाळा संपता संपता शेवटचा माणूस आला.

खराडीकडचा शेतकरी होता. पांढरी टोपी, पायात नवे बूट. जिना चढून आला तरी दम लागलेला नव्हता. बसल्या बसल्या त्यानं सांगितलं की गावची जमीन कंपन्यांना गेली, आता तिथं काचेची इमारत उभी राहतेय, पत्र तिकडच्याच कुणाच्या तरी घरात पडून होतं. मग सरांनी शर्ट काढायला सांगितला. छातीच्या मधोमध, गळ्यापासून खालपर्यंत, सरळ उभा व्रण होता. सरांनी त्यावर स्टेथोस्कोप ठेवला. धातूच्या झडपेची टिकटिक मला स्टुलावर ऐकू येत होती. दीड वर्षापूर्वी, आमचा कागद घेऊन तो ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे गेला होता आणि त्यांनी झडप बदलली होती.

"बरं हाय आता," तो म्हणाला. "पत्र कशाचं हाय ते समजंना म्हणून आलो. काय राहिलं होतं का?"

मी वहीकडे बघत होते. सर सांगतील की सहज बोलावलं होतं, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर त्या माणसाचं काही बिघडलं नसतं. तो बरा होता, चालत होता, जिना चढत होता. पण सर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, तुमची झडप कदाचित बदलावी लागली नसती. कप्पा मोठा झाला होता, त्यानं गळत होती. झडप स्वतः चांगली असावी. माझ्या रिपोर्टात ती खराब लिहिली गेली. आता या झडपेसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, त्या चुकवू नका. माझी चूक झाली.

माणूस शर्टाची बटणं लावत होता. त्याचा हात तिसऱ्या बटणाशी थांबला.

"लिहिलं कुणी?"

"मी," सर म्हणाले.

आत कुठं तरी मला वाटत होतं की गप्प बसावं. त्यांनी घेतलंय ना अंगावर. पण मी उभी राहिले आणि म्हटलं, "टाइप मी केलं होतं. न वाचता."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. बाजारात एखादा अनोळखी माल बघावा तसं. मग उरलेली बटणं लावली, टोपी डोक्यावर बसवली आणि दाराशी जाऊन वळला.

"आता वाचत जा मग," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.